लाल बटूंभोवतीच्या चकत्यांचे अवरक्त वर्णपट कसे वाचावेत

जून उजाडला की पुण्यातील आकाशनिरीक्षकांचे हात बांधले जातात. जुन्नरजवळ गिरवलीला असलेली आयुकाची २ मीटर व्यासाची दुर्बीणही पावसाळ्यात विसावते आणि वृश्चिकासारखा देखणा तारकासमूह नेमका याच दिवसांत ढगांआड जातो. वर्णपटांच्या अभ्यासाला मात्र हेच चार महिने सोयीचे असतात. पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटर अंतरावर असलेल्या जेम्स वेब दुर्बिणीने टिपलेले वर्णपट तिच्या सार्वजनिक संग्रहात उपलब्ध आहेत. त्यांतील बरेचसे कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येतात आणि गणेशखिंडीतील वसतिगृहाच्या खोलीत साध्या लॅपटॉपवर अभ्यासताही येतात. ज्यांनी एम.एस्सी.च्या प्रयोगशाळेत एखाद्या ताऱ्याचा वर्णपट हाताळला आहे आणि ज्यांना पायथनची जुजबी ओळख आहे, अशा विद्यार्थ्यांसाठी ही पद्धत सविस्तर लिहीत आहे.

आधी विषयाची निवड. आपल्या आकाशगंगेतील बहुसंख्य तारे सूर्यापेक्षा पुष्कळ हलके असलेले लाल बटू आहेत. सूर्याच्या ०.०९ पट वस्तुमानाच्या ट्रॅपिस्ट-१ या ताऱ्याभोवती पृथ्वीच्या आकाराच्या आसपासचे सात ग्रह सापडले आहेत. असे ग्रह कोणत्या रसायनांतून घडतात हे समजण्यासाठी, त्यांच्यासारख्याच पण अजून कोवळ्या ताऱ्यांभोवतीच्या वायू आणि धुळीच्या चकत्या पाहाव्या लागतात. मध्यम अवरक्त पट्ट्यात दिसतो तो चकतीचा आतला, काही शे केल्विन तापमानाचा भाग. हलका तारा मंद असल्यामुळे हा उबदार प्रदेश ताऱ्याला अगदी चिकटून असतो. बुध सूर्यापासून जितका दूर आहे त्यापेक्षाही तो कितीतरी आत असतो. दुर्बिणीला तो प्रदेश चित्ररूपात वेगळा दिसू शकत नाही, म्हणून त्याच्याविषयीची बहुतेक माहिती वर्णपटातूनच काढावी लागते.

वर्णपट हाती आल्यावर

वेब दुर्बिणीवरील मिरी या उपकरणाचा मध्यम विभेदनाचा, म्हणजे जवळजवळच्या तरंगलांब्या बऱ्यापैकी वेगळ्या दाखवणारा, वर्णपटमापक साधारण ४.९ ते २७.९ मायक्रॉन तरंगलांबीचा पट्टा टिपतो. हा पट्टा एका दमात मिळत नाही. चार वाहिन्या आणि प्रत्येक वाहिनीचे तीन उपपट्टे असे बारा तुकडे जोडून तो तयार होतो. नवशिक्याने संग्रहातील कच्च्या फायलींपासून सुरुवात करू नये. त्या कित्येक गिगाबाइटच्या असतात आणि अधिकृत पाईपलाइनचे, म्हणजे त्यांवर क्रमाने प्रक्रिया करणाऱ्या आज्ञावलीचे, तीनही टप्पे चालवण्यात एक आठवडा सहज जातो. तयार एकमितीय वर्णपटाची फिट्स (खगोलशास्त्रात रूढ असलेल्या स्वरूपाची) फाइल उतरवावी, तरंगलांबी आणि मिलीजान्स्की या एककातील प्रवाह, म्हणजे पोहोचणारा प्रकाश, असा साधा आलेख काढावा आणि पहिला दिवस केवळ तो आलेख निरखण्यात घालवावा. हा सल्ला वेळकाढूपणाचा वाटेल, पण पुढे कोणती वळणे खरी आणि कोणती उपकरणाची, हे ओळखणारी नजर याच दिवशी तयार होते.

निरखताना पहिली गोष्ट पाहायची ती जोडांची. तिसऱ्या वाहिनीचे तीन उपपट्टे सुमारे १३.४ आणि १५.५ मायक्रॉनला एकमेकांना भेटतात. पहिली आणि दुसरी वाहिनी सुमारे ७.६ मायक्रॉनला जुळतात. या जागी प्रवाहात एखाद-दोन टक्क्यांची पायरी दिसली, तर दोन्ही बाजूंच्या सामाईक भागाची सरासरी घेऊन एक तुकडा किंचित वरखाली सरकवता येतो. कमी वस्तुमानाच्या ताऱ्यांच्या बाबतीत हे काम हलक्या हाताने करावे लागते, कारण पुढे ज्या हायड्रोकार्बनच्या रुंद उंचवट्यांची चर्चा येणार आहे ते नेमके याच जोडांवर पसरलेले असतात. कोणता तुकडा किती पटीने सरकवला, हे आकड्यासह वहीत नोंदवावे.

दुसरी गोष्ट तरंगसदृश कंपनांची. शोधकाच्या, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या भागाच्या, पातळ थरांमध्ये प्रकाश आतल्या आत परावर्तित होऊन व्यतिकरण होते आणि वर्णपटावर नियमित अंतराच्या लाटा उमटतात. पाईपलाइन त्यांतील बराच भाग काढून टाकते, आणि उरलेल्या लाटांसाठी एक ऐच्छिक टप्पाही देते. तो टप्पा डोळे मिटून लावू नये. ॲसिटिलीनच्या रेषाही १३.७ मायक्रॉनच्या दोन्ही अंगांना साधारण ०.०४४ मायक्रॉनच्या नियमित अंतराने येतात, त्यामुळे लाटा पुसणारा आज्ञावलीचा भाग खऱ्या रेषांनाच लाट समजून खाऊन टाकू शकतो. टप्पा लावून आणि न लावता असे दोन्ही वर्णपट एकावर एक ठेवावेत. ज्या रेषेची उंची दोन्हींत लक्षणीय बदलते, तिच्यावर कोणताही निष्कर्ष उभारू नये.

तरंगलांबीची खातरजमा करण्यासाठी हायड्रोजन रेणूची १७.०३ मायक्रॉनची रेषा आणि आयनीभूत निऑनची १२.८१ मायक्रॉनची रेषा उपयोगी पडतात. त्या दिसत असतील तर ताऱ्याच्या अरीय (आपल्याकडे येण्याच्या किंवा दूर जाण्याच्या) वेगामुळे झालेले सरकणे दुरुस्त झाले आहे की नाही, ते लगेच कळते. २६ मायक्रॉनच्या पुढचा भाग गोंगाटाचा असतो आणि सुरुवातीच्या अभ्यासात तो सोडून दिला तरी चालते. ५ ते ८ मायक्रॉनच्या पट्ट्यात थंड ताऱ्याचे स्वतःचे शोषण डोकावते. लाल बटूच्या वातावरणात पाण्याची वाफ आणि कार्बन मोनॉक्साइड असतात. चकती मंद असेल तर ताऱ्याच्या प्रकाशातील त्यांच्या खाचा चकतीच्या वर्णपटात मिसळतात. त्यामुळे त्या भागात पाणी सापडले किंवा सापडले नाही असे म्हणण्यापूर्वी ताऱ्याच्या वातावरणाचा गणिती नमुना वजा करून पाहणे आवश्यक आहे.

कंटिन्युअम: जिथे थांबून विचार करायचा

धुळीच्या कणांमधून येणाऱ्या सलग प्रकाशाला आपण सारेच कंटिन्युअम म्हणतो. त्यावर रेणूंच्या रेषा उभ्या असतात आणि रेषा मोजण्यासाठी हा पाया वजा करावा लागतो. सूर्यासारख्या ताऱ्यांच्या चकत्यांसाठी रूढ पद्धत सोपी आहे. जिथे रेषा नाहीत असे वाटते असे बिंदू निवडायचे, त्यांमधून स्प्लाइनची, म्हणजे तुकड्यातुकड्यांनी जोडलेली, गुळगुळीत वक्ररेषा काढायची आणि ती वजा करायची. कमी वस्तुमानाच्या ताऱ्यांना ही पद्धत जशीच्या तशी लावली, तर मोजायला निघालो तीच गोष्ट आपण पुसून बसतो. या लेखातील माझा मुख्य आग्रह एवढाच आहे.

उदाहरण प्रत्यक्षातले घेऊ. वृश्चिकाच्या दिशेला सुमारे ५०० प्रकाशवर्षांवर जे१६०५३२ या संक्षिप्त नावाने ओळखला जाणारा एक तारा आहे, सूर्याच्या सुमारे ०.१४ पट वस्तुमानाचा. त्याचा वेबने घेतलेला वर्णपट २०२३ साली प्रसिद्ध झाला. तो पहिल्यांदा पाहताना दोन रुंद उंचवटे डोळ्यांत भरतात. एक ७.७ मायक्रॉनच्या आसपास आहे आणि दुसरा १३.७ मायक्रॉनच्या भोवती, १२ ते १६ मायक्रॉनपर्यंत पसरलेला. १० मायक्रॉनला सिलिकेट धुळीचा जो ओळखीचा फुगवटा असतो, तो जवळपास नाहीच. मी सरावासाठी हा वर्णपट घेतला तेव्हा सवयीप्रमाणे १३, १४.४ आणि १५.६ मायक्रॉनच्या आसपास आधारबिंदू ठोकले आणि उंचवट्याच्या पाठीवरूनच स्प्लाइन नेली. वर फक्त ॲसिटिलीनचे टोकदार शिखर उरले. नमुना त्याला छान जुळला, अवशेषही (नमुना वजा केल्यावर उरलेला भाग) सपाट आले आणि मी दोन दिवस समाधानात काढले. वजा केलेला आलेख पुन्हा उघडून पाहिला तेव्हा लक्षात आले की चकतीतील बहुतेक ॲसिटिलीन मी कंटिन्युअम म्हणून फेकून दिले होते.

असे का होते, ते पुण्यातल्या माणसाला विसर्जन मिरवणुकीवरून चटकन कळेल. ढोल-ताशा पथक समोर असेल तर टिपरूचा एकेक ठोका वेगळा ऐकू येतो. पण लक्ष्मी रस्त्यावर एकामागे एक पथके लागली आणि आपण दोन गल्ल्या पलीकडे उभे असलो, की ठोके एकमेकांत मिसळतात आणि एक अखंड घुमणारा नाद तेवढा उरतो. त्या नादाला कोणी रस्त्यावरचा नेहमीचा गोंगाट समजले, तर ढोलच मोजायचे राहून गेले. ॲसिटिलीन विरळ असते तेव्हा त्याच्या रेषा सुट्या दिसतात. त्याचे प्रमाण प्रचंड वाढले की बलवान रेषा संपृक्त होतात, त्यांची उंची वाढायची थांबते, एरवी न दिसणाऱ्या दुबळ्या रेषा वर येऊन मधल्या फटी भरतात आणि सगळ्यांचा मिळून एक रुंद उंचवटा बनतो. जे१६०५३२ च्या उंचवट्यासाठी सुमारे ५२५ केल्विन तापमान आणि दर चौरस सेंटिमीटरला १० चा २० वा घात याहूनही अधिक रेणू, इतकी स्तंभघनता (दृष्टीरेषेवरील एकक क्षेत्रफळाच्या स्तंभातील रेणूंची संख्या) लागते.

म्हणून पुढील क्रम पाळावा. आधारबिंदू उंचवट्यांच्या पूर्ण बाहेर ठेवावेत, म्हणजे ५ ते ६.५ मायक्रॉनचा भाग, ९ ते ११.५ मायक्रॉनचा भाग आणि १७ मायक्रॉनच्या पुढचा भाग. मधली वक्ररेषा शक्य तितकी साधी, जवळजवळ सरळ असू द्यावी. सिलिकेटचा फुगवटा स्पष्ट असलेल्या चकतीत हे जमत नाही. तिथे स्फटिकी फॉर्स्टेराइट या सिलिकेट खनिजाची ११.३ आणि १६ मायक्रॉनजवळची वळणेही लक्षात घ्यावी लागतात आणि धुळीचा वेगळा नमुना जुळवावा लागतो. उंचवटा वायूचाच आहे का, याची एक चांगली परीक्षा आहे. ॲसिटिलीनचा १३.७ मायक्रॉनचा उंचवटा खरा असेल, तर त्याच तापमानाच्या आणि त्याच स्तंभघनतेच्या नमुन्यातून ७.७ मायक्रॉनचा उंचवटाही आपोआप उभा राहिला पाहिजे, कारण दोन्ही त्याच रेणूच्या कंपनांचे पट्टे आहेत. एक जुळतो आणि दुसरा जुळत नाही असे झाले, तर आधारबिंदूंकडे परत जावे. मी आता प्रत्येक वर्णपटासाठी किमान तीन वेगवेगळे कंटिन्युअम काढतो आणि पुढचे सारे काम तिन्हींवर करतो. उत्तरांत पडणारा फरक हीच माझ्या मोजणीतील खरी अनिश्चितता असते. आज्ञावलीने छापलेली त्रुटी तिच्यापुढे बहुधा फार छोटी असते.

रेणू ओळखणे आणि नमुना जुळवणे

रेणू ओळखताना प्रथम त्यांच्या क्यू शाखा शोधाव्यात. या शाखेतील रेषा दाटीवाटीने एकाच जागी येतात, त्यामुळे तिथे टोकदार शिखर दिसते. ॲसिटिलीनचे १३.७ला, हायड्रोजन सायनाइडचे १४.० ला, बेंझीनचे १४.८५ला, कार्बन डायऑक्साइडचे १४.९८ला आणि डायॲसिटिलीनचे १५.९२ मायक्रॉनला असते. मिथेन ७.६५ला आणि इथेन १२.२ मायक्रॉनच्या आसपास शोधावे. बेंझीन आणि कार्बन डायऑक्साइड यांच्यात किती थोडे अंतर आहे ते पाहिले, की जुन्या स्पिट्झर दुर्बिणीच्या सुमारे ६०० विभेदनक्षमतेत ही गर्दी का उलगडत नव्हती ते ध्यानात येते. मिरीची विभेदनक्षमता या भागात अडीच ते तीन हजारांच्या घरात आहे.

जुळवणीसाठी सर्वांत साधा नमुना एका सपाट थराचा. थराला एकच तापमान, एकच स्तंभघनता आणि उत्सर्जन करणाऱ्या प्रदेशाचे एकच क्षेत्रफळ दिलेले असते. रेषांच्या याद्या हायट्रान या रेणूंच्या रेषांच्या माहितीभांडारातून घ्याव्यात. प्रत्येक तरंगलांबीला सर्व रेषांची मिळून प्रकाशीय जाडी, म्हणजे वायू प्रकाशाला किती अपारदर्शक आहे त्याचे माप, काढावी. ती टाउ असेल, तर त्या तापमानाच्या प्लांकच्या सूत्राला एक वजा ई चा ऋण टाउ घात याने गुणावे. मग प्रदेशाचे क्षेत्रफळ अंतराच्या वर्गाने भागून मिळणाऱ्या संख्येने गुणावे. अंतर ताऱ्यांची अंतरे मोजणाऱ्या गाइया या अवकाशदुर्बिणीच्या मोजमापांवरून मिळते. इथे क्रमाला फार महत्त्व आहे. रेषेची स्वाभाविक रुंदी सेकंदाला काही किलोमीटर इतकीच असते, म्हणून गणित एक लाखाहून अधिक विभेदनाच्या बारीक जाळीवर करावे, घातांकाची पायरी तिथेच उरकावी आणि त्यानंतरच नमुना मिरीच्या विभेदनाइतका पुसट करावा. आधी पुसट करून नंतर घातांक घेतला, तर संपृक्त रेषांची सारी गणिते चुकतात, आणि आलेखाकडे पाहून ती चूक लक्षातही येत नाही.

तापमान १०० ते १५०० केल्विन आणि स्तंभघनता १० च्या १४ व्या घातापासून २४ व्या घातापर्यंत अशी जाळी चालवून प्रत्येक ठिकाणी काय-वर्ग, म्हणजे नमुना आणि वर्णपट यांतील तफावतीचे माप, काढावा. सारख्या काय-वर्गाचे बिंदू जोडून निघणाऱ्या समोच्च रेषा बहुधा केळीच्या आकाराच्या लांबट असतात. वायू विरळ असेल तर स्तंभघनता आणि क्षेत्रफळ यांचा गुणाकार तेवढा कळतो, दोन्ही सुटे कळत नाहीत. वायू दाट असेल तर तापमान आणि क्षेत्रफळ एकमेकांत गुंततात. त्यामुळे फक्त सर्वोत्तम बिंदूचे आकडे देऊन थांबणे बरोबर नाही. समोच्च रेषांचा संपूर्ण आलेख द्यावा. क्षेत्रफळावरून काढलेली त्रिज्या म्हणजे चकतीची त्रिज्या असेही समजू नये, कारण तेवढेच क्षेत्रफळ एखाद्या अरुंद कड्याचेही असू शकते.

ही गुंतागुंत सोडवायला निसर्गाने एक सुंदर साधन दिले आहे. कार्बनच्या दर सुमारे ७० साध्या अणूंमागे एक अणू १३ वस्तुमानांकाचा असतो. ॲसिटिलीनमध्ये कार्बनच्या दोन जागा आहेत, म्हणून दर ३५ रेणूंमागे साधारण एका रेणूत असा जड कार्बन सापडतो. त्याचे शिखर १३.७३ मायक्रॉनला, मुख्य शिखरापासून जेमतेम ०.०२ मायक्रॉन अंतरावर येते. मिरीला तिथे ०.००५ मायक्रॉनपर्यंतचा भेद कळतो, त्यामुळे ते वेगळे दिसते. आलेख १३.६ ते १३.८ मायक्रॉन इतकाच मोठा करून पाहावा. जड रेणूचे शिखर मुख्य शिखराच्या पस्तिसाव्या भागाइतके बारीक न राहता त्याच्या खांद्याला लागत असेल, तर मुख्य रेणू संपृक्त झाला आहे याचा तो स्वतंत्र पुरावा ठरतो, आणि उंचवटा वायूचा आहे या म्हणण्यालाही बळ मिळते.

अनेक रेणू एकाच जागी असतात तेव्हा एकेक रेणू जुळवून वजा करत जाणे सोपे वाटते. पण आधी कोणता घेतला यावर उत्तर बदलते. सुरुवातीचे अंदाज तसे काढावेत आणि शेवटची जुळवणी सर्वांची एकत्र करावी. गोंगाटाची पातळी ठरवण्यासाठी रिकामा पट्टा शोधण्याचा खटाटोप या ताऱ्यांच्या बाबतीत निष्फळ असतो, कारण रिकामा पट्टा जवळपास नसतोच. नमुना वजा केल्यावर उरलेल्या अवशेषांवरून ती काढावी. बेंझीनसारख्या मोठ्या रेणूंच्या उष्ण अवस्थेतील रेषांच्या याद्या अजून अपुऱ्या आहेत. अवशेषांत एखादी ओळख न पटणारी रेषा उरली म्हणून लगेच नवा रेणू जाहीर करू नये.

अर्थ लावताना

२०२४ साली प्रसिद्ध झालेल्या आयएसओ-सीएचए-१ १४७ या ताऱ्याच्या वर्णपटात कार्बनयुक्त १३ रेणू ओळखले गेले. त्यांत इथेन होते आणि बेंझीनही होते. सूर्याच्या ०.११ पट वस्तुमानाचा हा तारा दक्षिणेकडे इतका खाली आहे की पुण्याच्या क्षितिजावर तो कधीच येत नाही. अशा वर्णपटांवरून आतल्या वायूत ऑक्सिजनपेक्षा कार्बन अधिक आहे, असा निष्कर्ष काढला जातो. सूर्यात कार्बनचे ऑक्सिजनशी हे गुणोत्तर सुमारे ०.५५ आहे. एक शक्यता अशी मांडली जाते की कार्बनयुक्त धुळीचे कण ताऱ्याजवळच्या उष्णतेत मोडून त्यांचा कार्बन वायूत आला. दुसरी अशी की बर्फाळ खडे आपला ऑक्सिजन घेऊन लवकरच आत आले आणि ताऱ्यात पडले, मग बाहेरून कार्बनसंपन्न वायू मागाहून पोहोचला. हलक्या ताऱ्यांच्या चकत्यांत खडे आत सरकण्याचा वेग जास्त असतो, म्हणून दुसरी शक्यता मला अधिक पटते, पण एका वर्णपटावरून दोन्हींत निवड करता येत नाही.

सगळ्या हलक्या ताऱ्यांना एकच नियम लावण्याचा मोहही आवरावा. एसझेड ११४ हा तारा सूर्याच्या सुमारे ०.१७ पट वस्तुमानाचा आहे, तरी त्याच्या चकतीत पाण्याच्या रेषा भरभरून दिसतात. म्हणून हायड्रोकार्बनने गजबजलेल्या वर्णपटात पाणी दिसले नाही, तर ‘पाणी नाही’ असे लिहू नये. बलवान उंचवट्याखाली पाण्याच्या दुबळ्या रेषा सहज झाकल्या जातात. १७ मायक्रॉनच्या पुढे हायड्रोकार्बनची गर्दी ओसरते, तिथल्या पाण्याच्या रेषा निवडाव्यात. नमुन्यात पाण्याची स्तंभघनता पायरीपायरीने वाढवत न्यावी आणि अवशेषांच्या गोंगाटाच्या तिप्पट उंचीची रेषा ज्या पायरीला प्रथम उमटते, तो आकडा कमाल मर्यादा म्हणून द्यावा. त्यासाठी कोणते तापमान आणि किती क्षेत्रफळ गृहीत धरले, आणि तीनपैकी कोणता कंटिन्युअम वापरला, हेही त्याच ओळीत लिहावे.